बाण बाहेर

१

हेस्टनेसच्या धक्क्यावरची चार्जिंगची शेड रविवारी सकाळी पेटली. शेडला कुलूप होतं. विजेवर चालणारी फेरीबोट रात्रीपासून पलीकडच्या काठाला बांधलेली होती, म्हणजे शेडमधल्या यंत्रांना त्या वेळी करण्यासारखं काही कामच नव्हतं. आणि बसून असलेलं यंत्र आपण होऊन पेटत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. कुलपाची किल्ली गावात एकाच माणसाकडे होती. त्यामुळे गावानं निकाल लावून टाकला होता. तो फक्त कागदावर यायचा राहिला होता.

तो कागद लिहायला विमा कंपनीनं तोरुन स्कारबेला पाठवलं. तोरुन विजेची इंजिनियर, पन्नाशीला आलेली, आणि एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायचं नाव न घेणारी. दुसऱ्यानं लावलेला निकाल तिला उष्ट्या ताटासारखा वाटायचा.

शेडच्या दारात ओस्लोहून आलेला प्रेबेन तिची वाट बघत होता. यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा हा तरुण इंजिनियर. बूट शहरी, त्यामुळे बर्फात सारखा घसरत होता.

"दोन कपाटं होती," तो म्हणाला. "दोन्ही दुतर्फी कन्व्हर्टर. गावाची तार बारीक आहे, बोटीला लागेल तेवढी वीज ती एकदम देऊ शकत नाही. म्हणून बॅटऱ्या घोटघोट पीत बसतात आणि बोट लागली की भडाभडा ओततात. आत घेणं आणि बाहेर देणं, दोन्ही कामं हीच कपाटं करतात."

"दोन कशाला?"

"एकाचा दम पुरत नाही. गाड्या उतरून नव्या चढेपर्यंत बोट थांबते, तेवढ्यात एका कपाटानं तिची बॅटरी निम्मीच भरते. दोन समांतर जोडली की दुप्पट जोर. एक पुढारी, एक त्याच्या मागचा. पुढारी दाब धरून ठेवतो. मागचा बघतो पुढारी किती देतोय, आणि तेवढंच आपण देतो."

मागचं कपाट जळून काळं पडलं होतं. शेजारचं पुढारी धड होतं, पण तोरुननं त्याच्या दाराच्या रबरावर बोट फिरवलं तर रबर मऊ होऊन ओघळलेलं लागलं.

"याला आग लागली नव्हती ना?"

"नाही. शेजारची धग लागली असेल." प्रेबेननं मोबाईल पुढे केला. "हे बघा. ओस्लोला येणारे आकडे. रात्रभर धक्क्याकडे शून्य. बॅटरीतून शून्य. गावाच्या तारेतून किंचित जास्त वीज आली, पण थंडीत हीटर चालतोच. काही चालूच नव्हतं, तोरुन. कुणीतरी आत जाऊन काडी लावली आहे."

"कुणीतरी म्हणजे?"

"किल्ली कुणाकडे आहे ते तुम्हाला माहीत आहे," प्रेबेन म्हणाला, आणि पुन्हा घसरला.

२

किल्लीवाला अनफिन व्हिकाने कॅफेत भेटेल असं कळलं. कॅफेची मालकीण बोर्गहिल्ड काउंटरमागे वॉफल भाजत होती.

"बसा कुठेही," ती म्हणाली. "फक्त बाहेरच्या खुर्चीवर नको. तिचा पाय गेलाय."

बाहेर गुडघाभर बर्फ होतं, तिथे खुर्ची कुठली असायला. तोरुन खिडकीपाशी बसली आणि दुसऱ्या क्षणाला खुर्चीसकट जमिनीवर आली.

"सांगितलं होतं ना बाई," बोर्गहिल्ड शांतपणे म्हणाली, "बाहेरची नको म्हणून."

तोरुननं कोट झटकला आणि मनातल्या मनात या बाईची साक्ष जरा जपून घ्यायचं ठरवलं. तरी विचारलंच, "आग तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत म्हणे?"

"आग नंतर. आधी छप्पर. सगळ्या गावाची छपरं पांढरी, आणि शेडचं इथून तिथपर्यंत कोरडं ठणठणीत. म्हटलं, अनफिननं आत वाफेच्या अंघोळीचा सॉना काढला की काय. मग कॉफी लावली, आणि मग धूर."

"इथून तिथपर्यंत? एका कोपऱ्यात नाही?"

"माझे डोळे शाबूत आहेत. खुर्ची तेवढी मोडकी आहे."

तेवढ्यात अनफिन आला. साठी उलटलेला, रुंद खांद्यांचा, हाताच्या रेघांत डिझेल मुरलेला. गावाची जुनी डिझेलबोट त्यानं जन्मभर चालती ठेवली होती. विजेची बोट आणायचं ठरलं, तेव्हा भर ग्रामसभेत उठून तो म्हणाला होता की हे खेळणं एक हिवाळा काढणार नाही. आणि ती बोट आणा म्हणून त्याच सभेत त्याच्याशी भांडली होती त्याची मुलगी रागना. आता ती त्या बोटीची कप्तान होती. तिनंच गळ घातली म्हणून तो शेड सांभाळायला लागला. आग लागल्यापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं, हे सगळं बोर्गहिल्डनं न विचारता सांगितलं.

"शनिवारी काय केलंत शेडमध्ये?" तोरुननं विचारलं.

"मागच्या यंत्राचं कडं तडकलं होतं. वीज मोजतं ते, केबलभोवती बसतं. नवीन आलं, ते लावलं. ओस्लोचा पोरगा फोनवर होता. तो म्हणाला तसं लावलं. तो म्हणाला चालू ठेवा, बोट येईल तेव्हा तपासू. चालू ठेवलं, कुलूप घातलं, घरी गेलो."

"मग आग कशी लागली?"

"ते तुम्ही शिकलेल्या माणसांनी सांगायचं."

"अनफिन, मी कागदावर 'मुद्दाम' असा एक शब्द लिहिला तर प्रकरण पोलिसांकडे जाईल."

त्यानं कॉफीचा घोट घेतला. "लिहा. रागनानं तर लिहूनच टाकलाय," तो म्हणाला. तोरुनला तो माणूस तिथेच आवडला. आवडला म्हणून निर्दोष ठरत नाही, हेही तिनं स्वतःला बजावलं.

३

रागना बोटीवर सापडली. एका कपाटावर बोट निम्मीच भरत होती, त्यामुळे फेऱ्या निम्म्या झाल्या होत्या आणि रांगेतले लोक तिलाच बोलत होते.

"आग वडिलांनी लावली असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटतं त्याला कोण विचारतंय," रागना म्हणाली. "किल्ली त्याच्याकडे. हे टिकणार नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाला. आणि टिकलं नाही. बाबा एकदा बोलला की खरं करून दाखवतो."

"विचारलंत त्यांना?"

दोरीचा वेढा नीट होता, तरी रागनानं तो सोडून पुन्हा घातला.

तोरुन खोलीवर परतली ती छपराचा विचार करत. धूर निघायच्या आधी छप्पर कोरडं झालं होतं आणि तेही दोन्ही कपाटांवरचं. धड कपाटाचं रबरही वितळलं होतं. म्हणजे आगीनं उष्णता झाली नव्हती, उष्णतेनं आग लागली होती. दोन्ही कपाटं रात्रभर राबली होती. पण बोट नसताना राबली कुणासाठी? आणि आकडे तर शून्य म्हणत होते.

तिनं प्रेबेनला फोन लावला. "ओस्लोला येतो तो आकडा एकेका कपाटाचा, की दोघांच्या बेरजेचा?"

"बेरजेचा. एकेकाचा त्याच्या दारावर दिसतो. साठवत नाही आम्ही."

"म्हणजे एक पूर्ण जोरानं देत असेल आणि दुसरं तेवढंच परत ओढत असेल, तर तुम्हाला काय दिसेल?"

"शून्य," प्रेबेन म्हणाला.

एकाच होडीत दोघं जीव खाऊन वल्ही मारताहेत, एक पुढे आणि एक मागे. होडी जागची हलत नाही, माणसं मात्र घामाघूम. दुतर्फी यंत्रं समांतर जोडली की हाच धोका असतो. एकानं ढकललेली वीज दुसरं बॅटरीत परत घेतं, आणि तीच वीज रात्रभर दोघांत गरगरत राहते. जी काही वाया जाते तिची उष्णता होते आणि ती भरून काढायला गावाची तार असतेच. हीटरच्या नावावर खपली होती ती हीच. शेवटी दोघांतलं जे कच्चं, ते पेटलं.

"आणि हे कधी होतं, प्रेबेन?"

"मागच्याचं कडं उलटं बसलं तर," तो सावकाश म्हणाला. "त्यावर बाण असतो. उलटं बसलं की यंत्र देत असताना त्याला वाटतं आपण घेतोय. शेडचा एखादा दिवा चालू असला तरी पुरे, ते आणखी ढकलतं, मग आणखी."

तोरुनला हायसं वाटलं. काडी नव्हती, आगलाव्या नव्हता. पण प्रेबेनचं बोलणं संपलं नव्हतं.

"हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी त्याला दोनदोनदा विचारलं. बाण बाहेर ना? म्हणाला, बाहेर. नक्की बाहेर? म्हणाला, हो रे बाबा, बाहेर. आता सांगा, कडं उलटं होतं तर तो माझ्याशी खोटं बोलला. आणि तिथल्या तिथे खोटं कोण बोलतं? ज्याला ते जळायला हवं होतं तो."

अनफिनसाठी फाशीचा दोर तोरुननं स्वतःच वळून दिला होता.

४

सकाळी तिनं जळलेलं कडं पुन्हा तपासलं. त्याचा वितळून गोळा झाला होता, बाणाचा मागमूस नव्हता. पुढाऱ्याचं कडं कारखान्यातूनच बंद झाकणामागे बसवलेलं, बाहेरून दिसत नव्हतं. अनफिनला तिनं रस्त्यात गाठलं.

"बाण कुठे होता?"

"बाहेर."

"शपथेवर सांगाल?"

"चर्चमध्ये उभं राहून सांगेन. बाहेर म्हणाला, बाहेर लावला."

दोघं एकच वाक्य सांगत होते. दोघांतला एक खोटारडा असायला हवा होता, आणि एकाचाही चेहरा खोटारड्याचा नव्हता. तोरुनचा चेहऱ्यांवर फारसा विश्वास नव्हता, पण या वेळी ते वाक्य तिला आतून टोचत राहिलं. पलीकडच्या काठावरच्या उपकेंद्रात गावाच्या तारेचे आकडे ताडून बघायला म्हणून ती बोटीवर चढली.

जाताना गाड्यांची दाटी झाली होती. वरून रागना ओरडली, "ती लाल गाडी जरा आत घे." खलाशानं गाडी डाव्या कठड्याकडे सरकवून घेतली. तोरुननं ते पाहून सोडून दिलं.

ही बोट वळत नाही. दोन्ही टोकं सारखी, जाताना एक तोंड पुढे, येताना दुसरं. परतताना रागना पुन्हा ओरडली, "दुधाची गाडी आत घे." आणि खलाशानं ती उजवीकडे घेतली.

तोरुन उभीच राहिली. जाताना आत म्हणजे डावीकडे, येताना आत म्हणजे उजवीकडे. दोन्ही वेळा गाडी सरकली होती ती खाडीच्या डोंगराकडच्या टोकाच्या बाजूला. बोटीची दिशा उलटली होती, शब्द जागचा हलला नव्हता.

तिला कॅफेतली खुर्ची आठवली. खिडकीजवळची. ती खिडकी समुद्राच्या बाजूला होती.

जिने चढून ती थेट सुकाणूपाशी गेली. "रागना, एक सांगा. शेडमध्ये उभं राहिलं तर बाहेर कुठे?"

रागनानं वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं, आणि हनुवटीनं खाडीच्या तोंडाकडे, समुद्राच्या दिशेला खूण केली. "बाहेर म्हणजे बाहेर. का?"

"बदली यंत्र ओस्लोहून आलंय. दुपारी शेडमध्ये या. आणि मी सांगेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढू नका. तुम्हाला जड जाईल, पण काढू नका."

५

प्रेबेनला तिनं कॅफेत फोन घेऊन बसवलं. तो कुरकुरला. "पुन्हा त्यालाच लावायला सांगायचं? सगळे बघताहेत म्हटल्यावर तो मुद्दाम नीट लावेल."

"त्यानं मागच्या वेळी जाणूनबुजून उलटं लावलं असेल, तर आज नीट लावेल," तोरुन म्हणाली. "मला तेच बघायचंय. शनिवारी बोललात तेच शब्द बोला. एकही जास्त नको."

शेडमध्ये बदली कपाट उभं राहिलं होतं. अनफिननं नवं कडं हातात घेतलं. कड्याबद्दल कुणाला काय संशय आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रागना दाराला पाठ लावून उभी होती, हात कोटाच्या खिशात, ओठ घट्ट. तिनं अजून बापाकडे पाहिलं नव्हतं.

फोनचा आवाज मोठा केलेला होता. "कडं केबलभोवती घाला," प्रेबेन म्हणाला. "बाण बाहेर."

अनफिननं कडं हातात फिरवलं. त्यानं यंत्राकडे पाहिलं नाही की धक्क्याकडे जाणाऱ्या केबलकडे पाहिलं नाही. त्यानं शेडच्या समुद्राकडच्या भिंतीकडे एक नजर टाकली, बाण तिकडे केला आणि कडं दाबून बसवलं.

"बाण बाहेर ना?" फोनवरून प्रश्न आला.

"बाहेर."

"नक्की बाहेर?"

"हो रे बाबा, बाहेर. आज काय पहिल्यांदा लावतोय का?"

रागनाचा हात खिशातून निघाला. तोरुननं मान हलवली, तसा तो पुन्हा खिशात गेला.

"सुरू करा," तोरुन म्हणाली.

धक्का रिकामा होता. कपाटं आधी हळू गुणगुणली. मग एकाचा पंखा चढला, लगोलग दुसऱ्याचा, आणि बघता बघता शेडमध्ये बोललेलं ऐकू येईना. एका दारावर मोठा आकडा, दुसऱ्या दारावर तोच, पण उणे. दोन्हींच्या मधल्या फलकावरची बेरीज दिवा लावण्यापुरती, म्हणजे शून्यच. तोरुननं दोन्ही कपाटांवर हात ठेवला आणि दोन्ही गरम होताहेत याची खात्री पटल्यावर स्वतःच बटण दाबलं.

शांतता झाली. अनफिन त्या आकड्यांकडे बघत राहिला. डिझेलवाला असला तरी बेरीज-वजाबाकी त्याला येत होती.

"अनफिन," तोरुननं विचारलं, "बाहेर कुठे?"

"बाहेर." त्यानं भिंतीपलीकडच्या समुद्राकडे बोट दाखवलं. "समुद्र काय रोज जागा बदलतो?"

"बाहेर म्हणजे यंत्रातून बाहेर!" फोनमधून प्रेबेन ओरडला. "बोटीकडे!"

"बोटीचा धक्का तर शेडच्या आतल्या अंगाला आहे," अनफिन म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

तोरुननं सगळं सरळ सांगून टाकलं. या खाडीवर तोंडाकडचं, म्हणजे समुद्राकडचं ते बाहेर आणि खाडीच्या टोकाच्या डोंगराकडचं ते आत, मग ती खुर्ची असो, गाडी असो की बाण. ओस्लोत बाहेर म्हणजे ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या बाहेर. हेस्टनेसचा धक्का नेमका शेडच्या डोंगराकडच्या बाजूला बांधलेला, म्हणून दोन बाहेर एकमेकांच्या उलट पडले. दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा खरं उत्तर मिळालं. "ज्याला उलटं माहीत होतं त्यानं आज सगळ्यांसमोर नीट लावलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा चुकलात. म्हणून वाचलात."

अनफिन बाकड्यावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. "म्हणजे जाळलं मीच," तो म्हणाला. "इतकी वर्षं यंत्रात गेली आणि एक बाण लावता येत नाही. त्यापेक्षा आगलाव्या म्हणाला असतात तर चाललं असतं."

"मीही तसाच लावला असता, बाबा," रागना दारातून म्हणाली.

त्यानं वर पाहिलं नाही.

"खोटं नाही बोलत. सकाळी या बाईंनी मला विचारलं, मीही समुद्रच दाखवला." ती पुढे आली. आवाज कप्तानाचा राहिला नव्हता. "गावातल्या प्रत्येकानं तसाच लावला असता. पण गावाचं जाऊ दे. मी तुला विचारलंच नाही. बाहेरची बाई येऊन विचारून गेली, आणि मी समोर राहून विचारलं नाही."

"विचारायचं होतंस."

"भीती वाटली. तू हो म्हणालास तर काय करायचं?"

अनफिननं तळहात गुडघ्यांवर घासले. मग उठला, कडं सोडवलं, उलटं फिरवलं आणि बाण बोटीच्या बाजूला करून बसवलं. फोन अजून चालूच होता. "पोरा, ऐकतोस का? बाण धक्क्याकडे. धक्क्याकडे म्हण, म्हणजे झालं. आत-बाहेर आपण नको बोलायला."

"धक्क्याकडे," प्रेबेन मुकाट्यानं म्हणाला.

रागना जवळच बांधून ठेवलेली बोट धक्क्याला घेऊन आली. जाड केबल जोडली गेली, आणि दोन्ही दारांवर सारखाच आकडा चढत गेला, या वेळी दोन्हीकडे अधिक. गाड्या उतरून चढेपर्यंत बोट पूर्ण भरली. अनफिन दोन्ही कपाटांच्या मधे उभा राहून, कुणी ती पळवून नेईल अशा थाटात, आकड्यांवर नजर ठेवून होता.

केबल सुटल्यावरही रागना निघाली नाही. रांगेतल्या एकानं भोंगा वाजवला. ती उतरून शेडच्या दारात आली.

"बाबा."

"आता काय?"

"शेड तू जाळलीस का?"

अनफिननं तिच्याकडे नीट पाहिलं. प्रश्न गंमतीचा नव्हता, हे त्याला कळलं.

"हो," तो म्हणाला. "पण मुद्दाम नाही."

"बरं," रागना म्हणाली. तिनं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि लोक भोंगे वाजवत होते म्हणून पळत बोटीवर गेली.